किरणोपचार आणि लाळ : एका अपवादाचा इतिहास

मुखाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णाची एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो, रात्री जीभ टाळूला चिकटते, आणि पुढे काही महिन्यांतच धडधाकट दातही हिरडीलगत किडून मोडू लागतात. ही तक्रार किरणशास्त्राच्या एका प्रसिद्ध नियमाशी आरंभापासून गुंतलेली आहे, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

बोर्दो येथील बेर्गोनिए व त्रिबाँदो यांनी १९०६ साली उंदरांच्या वृषणांवरील प्रयोगांवरून असे प्रतिपादन केले की, ज्या पेशी वेगाने विभाजन पावतात व ज्यांचे कार्य अद्याप निश्चित झालेले नसते, त्या क्ष-किरणांना अधिक बळी पडतात. कर्करोगाच्या पेशी मराव्यात व आसपासच्या प्रौढ पेशी वाचाव्यात, या आशेला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला. लालाग्रंथींतील स्रावी पेशी मंदगतीने विभागणाऱ्या व पूर्ण प्रौढ. नियमाप्रमाणे त्या वाचावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात उपचाराच्या पहिल्या आठवड्यातच लाळ ओसरू लागते. नवल असे की, १९११ साली या ग्रंथींवरील परिणामांची नोंद करणाऱ्या आद्य निरीक्षकांत स्वतः बेर्गोनिएच होते!

रोगी काही महिन्यांतच दगावत होते तोवर कोरड्या तोंडाचा विचार करण्यास अवसर नव्हता. पॅरिसमध्ये रेगो व कुतार यांनी १९२० नंतरच्या दशकात किरणांची मात्रा अनेक आठवड्यांत विभागून देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा स्वरयंत्राचे काही कर्करोग बरे होऊ लागले; आणि रुग्ण जगले म्हणूनच त्यांच्या दातांचा प्रश्न पुढे आला. याच परंपरेत शिकलेले, क्यूबात जन्मलेले देल रेगातो यांनी १९३९ मध्ये या दंतक्षयाचे सविस्तर वर्णन केले. किरणांच्या कक्षेबाहेर राहिलेले दातही किडतात. मग दोष दातांवरील आघाताचा नसून बदललेल्या लाळेचा असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. माझ्या मते या इतिहासातील निर्णायक पाऊल हेच होय. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती अन्नकण धुते, आम्ल मारते, कॅल्शियम व फॉस्फेट पुरवून दंतवल्काची झीज भरून काढते. ती घट्ट व आम्लधर्मी झाली की स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स, लॅक्टोबॅसिलस व कँडिडा बुरशी यांना रान मोकळे मिळते.

कारण उमगले तरी उपाय पुष्कळ काळ उलटाच चालला. किरण पडलेल्या जबड्यातील दात पुढे काढावा लागला तर हाड कुजण्याचे भय, म्हणून उपचारापूर्वीच सर्व दात उपटण्याचा प्रघात अनेक ठिकाणी होता. १९७० नंतर ह्यूस्टन येथील डेली, ड्रेन व ड्रायझेन यांच्या कार्याने चित्र पालटले. रोज सोडियम फ्लोराइडचा लेप लावल्यास, लाळ नसतानाही, दात टिकविता येतात हे त्यांनी दाखविले. किती तोंडे त्यापूर्वी विनाकारण बोळकी झाली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

लाळच वाचवावी, हा विचार त्याहून उशिरा आला. १९९९ मध्ये मिशिगन येथील संशोधकांनी कानापुढील अनुकर्ण ग्रंथीस सहन होणारी सरासरी मात्रा सुमारे २६ ग्रे ठरविली. किरणांची तीव्रता जागोजागी बदलणारे तंत्र हाती आल्याने ही मर्यादा पाळणे शक्य झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ९४ रुग्णांच्या चाचणीत, वर्षअखेर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीने ७४ टक्के व नव्या पद्धतीने ३८ टक्के रुग्णांत आढळला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ६० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीनेही (२०१२) नव्या पद्धतीच्याच बाजूने कौल दिला.

१९०६ च्या नियमाला पडलेल्या अपवादाचा उलगडा अंशतःच झाला आहे. आरंभी पेशी मरत नाहीत, त्यांचे स्रवण्याचे कार्य बिघडते. पुढे त्या नैसर्गिकरीत्या झिजतात तेव्हा त्यांची जागा घेणाऱ्या मूलपेशी उरलेल्या नसतात. या मूलपेशी ग्रंथीच्या मोठ्या नलिकांजवळ एकवटलेल्या असतात, असे ग्रोनिंगेन येथील २०१५ च्या संशोधनात दिसले. म्हणजे वाचविण्याजोगा भाग संपूर्ण ग्रंथीहून पुष्कळच लहान आहे.

मात्र अनुकर्ण ग्रंथी प्रामुख्याने जेवतानाची लाळ पुरविते. विश्रांतीच्या वेळची बहुतेक लाळ जबड्याखालच्या ग्रंथींतून येते, आणि त्या मानेतील रोगग्रस्त गाठींना इतक्या लगटून असतात की त्यांना किरणांपासून वगळणे पुष्कळदा शक्य होत नाही. त्यामुळे घास उतरू लागलेल्या रुग्णाचीही जीभ रात्री टाळूला चिकटतेच.