भंगारातून ओट्यावर : जुन्या व्हाइसांचा संग्रह आणि जीर्णोद्धार

- प्रतिनिधी

एखाद्या कारखान्याला टाळे लागते, तेव्हा मोठ्या यंत्रांचा लिलाव होतो आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळते. फिटरच्या ओट्यावर पन्नास-साठ वर्षे बोल्टने जखडलेला व्हाइस मात्र बहुधा वजनावर भंगारात जातो. मुंबईतील कापड गिरण्या १९८२च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या, तेव्हाही त्यांच्या दुरुस्ती खात्यांतील हत्यारांची हीच गत झाली. अमेरिका आणि इंग्लंडमधील जुन्या औद्योगिक शहरांची कथा वेगळी नाही. फरक इतकाच, की तेथे ही जड, ओबडधोबड वस्तू भट्टीत जाण्याआधी उचलून आणणारे, तिचा गंज उतरवून तिला पुन्हा कामाला लावणारे छांदिष्ट निर्माण झाले आणि गेल्या काही दशकांत या छंदाचे एक शास्त्रच तयार झाले.

मराठी पारिभाषिक कोशांत या हत्याराला 'शेगडा' म्हटले आहे. कारखान्यात मात्र सर्वत्र 'व्हाइस' हाच शब्द रुळला. आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे पहिले दिवस याच व्हाइससमोर कानस घासण्यात जातात. मूळ शब्द जुन्या फ्रेंच भाषेतला असून त्याचा अर्थ 'स्क्रू' असा होता, आणि त्याचेही मूळ लॅटिनमधील द्राक्षवेलीच्या नावात सापडते. वेलीचा पीळदार तणावा पाहिला, की हे नाते चटकन लक्षात येते.

यंत्र साधे, ताकद अफाट

व्हाइसचे काम एका वाक्यात सांगता येते : एक जबडा स्थिर, दुसरा सरकता, आणि मधला स्क्रू फिरवला की दोघांत वस्तू आवळली जाते. या साध्या रचनेत किती ताकद दडलेली असते, याची कल्पना मात्र अनेक वर्षे ती वापरणाऱ्यांनाही नसते. समजा, स्क्रूच्या आट्यांतील अंतर ५ मिलिमीटर आहे आणि हँडल मध्यापासून २०० मिलिमीटरवर धरले आहे. एका फेऱ्यात हात सुमारे १,२५० मिलिमीटर फिरतो आणि जबडा अवघा ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे हाताचा जोर कागदावर अडीचशे पट होतो. यातील तीनचतुर्थांश वाटा घर्षणात गेला असे धरले, तरी साठ पट उरतोच. वीस किलोचा जोर लावणारा माणूस जबड्यांवर सव्वा टनाच्या आसपास दाब निर्माण करतो. आता त्याच हँडलवर दुप्पट लांबीचा पाइप चढवला तर काय होईल, हे सांगायला नको. भंगारात सापडणाऱ्या मोडक्या व्हाइसांपैकी पुष्कळसे या पाइपचे बळी असतात.

दुसरा शत्रू म्हणजे घण. बहुतेक जुने व्हाइस बिडाचे असतात. करड्या बिडात कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. त्यामुळे ते दाब उत्तम सोसते, पण आघात आणि ताण सोसत नाही. पापुद्र्याच्या टोकापासून तडा सुरू होतो. १९४०च्या दशकात मॅग्नेशियम मिसळून हा कार्बन गोलकांच्या रूपात आणण्याची युक्ती सापडली आणि तन्य बीड अस्तित्वात आले. असे बीड मोडण्यापूर्वी वाकते. काही उत्पादकांनी आपले भारी व्हाइस ओतीव पोलादातच केले. लोहाराच्या कामासाठी तर निराळाच प्रकार होता : एक लांब पाय थेट जमिनीपर्यंत गेलेला घडीव लोखंडी व्हाइस. घणाचा आघात त्या पायावाटे जमिनीत उतरतो, ओट्याला धक्का बसत नाही. या प्रकारच्या फार जुन्या नमुन्यांत नटाच्या आतील आटे कापलेले नसून नळीत लोखंडी पट्टी पिळाने बसवून पितळेने झाळलेली आढळते. असा नमुना हाती लागला, तर त्याला आधी तापवू नये, एवढे ध्यानात ठेवावे; झाळ वितळून आटेच सुटे होतील.

नामांकित घराणी

संग्राहकांच्या बोलण्यात काही नावे वारंवार येतात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मेरिडन येथे चार्ल्स पार्कर यांनी १८३२मध्ये कॉफी दळण्याच्या यंत्रांपासून उद्योग सुरू केला. पुढे त्यांचे व्हाइस इतके नावाजले, की आजही जड अमेरिकन व्हाइस म्हटले की पार्करचे नाव प्रथम निघते. शिकारीच्या सुप्रसिद्ध पार्कर बंदुकाही याच घराण्याच्या. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील रीड, मॅसॅच्युसेट्समधील अॅथॉल, क्लीव्हलंडमधील कोलंबियन ही याच पंगतीतली नावे. वेन्सबरो येथील जोसेफ एमर्ट यांनी १८९१मध्ये पेटंट घेतलेला, हव्या त्या कोनात वळणारा साचेकारांचा व्हाइस तर संग्राहकांच्या दृष्टीने अलंकारच होय.

इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधील शिपली येथील पार्किन्सन यांचा 'परफेक्ट' आणि शेफिल्डचा 'रेकॉर्ड' ही दोन नावे पुरेशी आहेत. दोघांच्या झटपट सुटणाऱ्या व्हाइसांत पूर्ण नटाऐवजी अर्धा नट असतो. खटका दाबला की हा नट करवतीसारख्या आट्यांपासून खाली सुटतो आणि जबडा एका झटक्यात मागे-पुढे सरकवता येतो. रेकॉर्डचे फिटरकामाचे व्हाइस १ ते ६ अशा क्रमांकांनी ओळखले जात. क्रमांक १चा जबडा तीन इंची, तर ६चा सहा इंची. सुतारकामातील ५२, ५२½ आणि ५३ हे क्रमांक आजही निळ्या रंगासह ओळखले जातात. रेकॉर्ड हे नाव नंतर आयर्विन कंपनीकडे आणि २०१७मध्ये त्या कंपनीसह स्टॅनले ब्लॅक अँड डेकरकडे गेले.

लोकप्रियतेत मात्र शिकागोच्या विल्टनचा हात धरणारे कोणी नाही. चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेले अभियंते ह्यू व्होगल यांनी १९४१मध्ये ही कंपनी काढली. नाव घेतले ते कारखान्याच्या रस्त्याचे. या व्हाइसचा स्क्रू उघडा नसतो. तो एका गोल, बंद नळीत फिरतो आणि नळीचे मागचे टोक बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते असल्यामुळे हा व्हाइस 'बुलेट' म्हणून ओळखला जातो. कानसीचा भुगा आट्यांत शिरतच नाही. हाच त्याच्या दीर्घायुष्याचा मुख्य आधार आहे.

तारखेचा घोटाळा

विल्टनच्या सरकत्या भागाखाली एक तारीख ठोकलेली असते आणि नवशिक्या संग्राहक ती निर्मितीची समजतो. वस्तुतः कंपनी पाच वर्षांची हमी देत असे आणि बहुतांश व्हाइसांवर हमी संपण्याची तारीख ठोकली जाई. म्हणजे '५६' दिसले, तर व्हाइस १९५१चा. अगदी प्रारंभीच्या काही व्हाइसांवर मात्र खरोखर निर्मितीचीच तारीख आहे, त्यामुळे चाळिसाच्या दशकातील आकडे जपून वाचावे लागतात. इतर अमेरिकन व्हाइसांच्या अंगावर पेटंटची तारीख ओतलेली असते. तीवरून वस्तू त्याआधीची नाही एवढेच सिद्ध होते. तोच साचा पुढे वीस-तीस वर्षे वापरला गेलेला असू शकतो.

म्हणूनच साफसफाईला हात घालण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. ग्राइंडर फिरवून चकचकीत केलेल्या व्हाइसवर ही खूण राहत नाही, आणि एकदा गेलेली तारीख परत ठोकता येत नाही. ठोकली, तर ती लबाडी ठरते.

विकत घेताना

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार किंवा कोणत्याही गावाबाहेरचे भंगाराचे आवार, सर्वत्र पारख एकच. गंजाला घाबरू नये, तड्याला घाबरावे. सरकता जबडा मानेशी, स्थिर जबडा पायथ्याशी आणि फिरत्या बैठकीचे बोल्ट जेथे आवळतात तेथे तडे जातात. लहान हातोडीने टिचकी मारून पाहावी. अखंड बीड घणघणते, तडकलेले बद्द वाजते. ताजा रंग फासलेला व्हाइस दिसला तर संशय घ्यावा. रंगाखाली वेल्डिंगचे जाड ठिगळ असू शकते. नंतर हँडल पूर्ण फिरवून जबडा किती ढिला आहे ते पाहावे. थोडी मोकळीक स्वाभाविक आहे. पण आवळताना स्क्रू घसरत असेल, तर नटाचे आटे संपलेले आहेत. जबड्यांवरील खाचेदार पोलादी पट्ट्या नसल्या तरी बिघडत नाही, त्या करून घेता येतात.

गंजाशी झुंज

घाईने हातोडा चालवणाऱ्याचे नुकसान याच टप्प्यावर होते. पेनिट्रेटिंग ऑइल सोडून दोन-चार दिवस थांबणे, मग हलकेच ठोकणे, पुन्हा तेल सोडणे हाच राजमार्ग. रेकॉर्डसारख्या व्हाइसात सरकत्या जबड्याच्या आत एक दुमडपिन, चकती आणि स्प्रिंग असते. पिन काढली की स्क्रू मोकळा होतो. अनेक जुन्या अमेरिकन व्हाइसांत जबड्याच्या पट्ट्या स्क्रूने नव्हे, तर निमुळत्या पिनांनी बसवलेल्या असतात. त्या कोणत्या बाजूने बाहेर येतात हे नीट पाहूनच ठोकाव्यात; उलट ठोकल्यास अधिकच घट्ट होतात.

सुट्या झालेल्या भागांचा गंज काढण्यासाठी वीज हा सर्वांत हळुवार उपाय होय. प्लॅस्टिकच्या टबात दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. व्हाइसचा भाग १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला जोडावी. ही जोडणी उलटी झाली, तर चांगले लोखंडच झिजू लागेल. पट्टी स्टेनलेस स्टीलची मुळीच नसावी, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठ घातल्यास क्लोरीन वायू सुटतो. योग्य रीतीने केले तरी हायड्रोजन निघतोच, तेव्हा टब उघड्यावर ठेवावा, जवळ विडी-सिगारेट पेटवू नये आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. दुसऱ्या दिवशी गंज काळ्या मऊ लेपासारखा ब्रशने निघून येतो.

ज्यांना विजेची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी पांढरा शिरका आहे. त्यात एक दिवस भाग बुडवून नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, लगेच कोरडा करून तेल लावावे. तासाभराचा आळस केला तरी नारिंगी गंज पुन्हा डोके वर काढतो. उसाच्या मळीचा उपाय आपल्याकडे अधिक ओळखीचा वाटावा. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात लोखंड दोन-तीन आठवडे ठेवले, की गंज आपोआप सुटतो. जुन्या मोटारींचे शौकीन ही रीत वापरतात. वास मात्र असा सुटतो, की शेजाऱ्यांशी संबंध चांगले असल्यासच हा प्रयोग करावा. स्प्रिंगा कोणत्याही आम्लात घालू नयेत. त्या ठिसूळ होतात.

जुन्या रंगाबाबत गंभीरपणे सांगायला हवे. विसाव्या शतकातील औद्योगिक रंगांत शिसे सर्रास असे. अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा रंगांवर १९७८मध्ये बंदी आली. भारतात घरगुती रंगांतील शिशाला दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६मध्ये झाले. असा रंग कोरडा घासला, की त्याची धूळ श्वासात जाते आणि कपड्यांवरून घरात येते. लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक. रंग ओला करूनच किंवा रंग काढण्याच्या रसायनाने उतरवावा आणि ते कपडे वेगळे धुवावेत. घरातील बाळाच्या आरोग्यापुढे कोणत्याही पार्करची किंमत नाही.

रंगवावे की राखावे?

येथे संग्राहकांत दोन तट आहेत. एकाला व्हाइस कारखान्यातून आज बाहेर पडल्यासारखा हवा असतो, जबडे आरशासारखे, अक्षरे वेगळ्या रंगात उठावलेली. दुसरा मूळ रंगाचा पापुद्राही हलू देत नाही. सैल गंज काढून तेलाचा हात फिरवतो आणि थांबतो. यूट्यूबवरील चित्रफितींनी पहिल्या पक्षाला बळ दिले आहे, कारण कॅमेऱ्याला चकाकी आवडते. प्रस्तुत प्रतिनिधीला दुसरा पक्ष अधिक पटतो. मूळ रंग शाबूत असेल तर तो राखावा, गेलाच असेल तर निःशंकपणे रंगवावे. नव्या थराखाली जुना रंग दडपणे मात्र दोन्ही पक्षांना मान्य नाही.

तडकलेल्या बिडाविषयी मतभेदाला जागा नाही. ते साध्या वेल्डिंगने जोडले, तर सांध्याशेजारीच नवा तडा जातो, कारण एकाच जागी तापलेले बीड थंड होताना आकसते आणि बाकीचे त्याला साथ देत नाही. संपूर्ण भाग आधी तापवून निकेलच्या रॉडने किंवा पितळेने जोडावा आणि राखेत अगर चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ द्यावा. हे जाणत्या वेल्डरचे काम आहे. सव्वा टन दाबाखाली सांधा सुटला, तर जबड्यातील वस्तू सुटेल ती समोरच्या माणसाच्याच दिशेने. शंका असेल तर असा व्हाइस फळीवर शोभेला ठेवावा.

जुळणी करताना आट्यांना ग्रीस, सरकत्या भागाला पातळ तेल आणि नाजूक कामासाठी जबड्यांवर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याची टोपणे एवढे पुरते. ओट्यावर बसवताना स्थिर जबड्याची कड ओट्याच्या काठापेक्षा किंचित पुढे यावी, म्हणजे लांब सळई उभी धरता येते. उंचीसाठी फिटरांची जुनी रीत अशी : व्हाइससमोर ताठ उभे राहून कोपर दुमडावे, मूठ हनुवटीखाली ठेवावी, कोपर जबड्याच्या माथ्याला टेकले, की उंची बरोबर आहे.