वासा जहाजाचे बोल्ट
कुजलेलं लाकूड म्हटलं की आपल्याला लगेच इपॉक्सी आठवतं. पण लाकूड आतपर्यंत पाण्याने भरलेलं असेल तर? 1628 मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं वासा जहाज 1961 मध्ये वर काढलं, तेव्हा हाच प्रश्न होता. साधं इपॉक्सी पाण्यात मिसळत नाही. म्हणून पाण्यात विरघळणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल तब्बल 17 वर्षं फवारलं.

इपॉक्सी आलं ते वेगळ्याच जागी. मूळ लोखंडी बोल्ट गंजून गेले होते, त्यांच्या जागी इपॉक्सीचा लेप दिलेले नवे बसवले. लेप असूनही तेही गंजले! आता केमिस्ट्री बघा. बंदराच्या घाण पाण्यातल्या जिवाणूंमुळे लाकडात गंधक साठलं होतं. हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि लोखंड त्या क्रियेला वेग देतं. 2000 च्या दमट उन्हाळ्यात लाकडावर आम्लयुक्त क्षार दिसले, तेव्हा हे ध्यानात आलं. (असा नमुना हाती आला तर 1628 च्या आधी 1961 नंतरच्या दुरुस्तीच्या नोंदी वाचा, असं मी सांगेन.)

2011 पासून ते बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे बसवायला घेतले. लाकडात मुरलेलं लोखंड मात्र तिथेच आहे.