पेशीविभाजन

एका पेशीपासून नव्या पेशी तयार होण्याची क्रिया. शरीराची वाढ, जखम भरून येणे आणि प्रजनन या साऱ्यांच्या मुळाशी हीच क्रिया आहे. जीवाणूंसारख्या प्रकल (केंद्रक) नसलेल्या पेशी सरळ दुभंगतात. वनस्पती व प्राणी यांच्या पेशींत हे काम टप्प्याटप्प्याने चालते.

विभाजनाआधी पेशीतील डीएनएची दुसरी प्रत तयार होते. मग या नेहमीच्या, म्हणजे सूत्री, विभाजनाच्या पूर्वावस्थेत डीएनए सामावणारी गुणसूत्रे आखूड व जाड होऊन दिसू लागतात. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यावर रांगेत येतात, पश्चावस्थेत तर्कुतंतूंच्या ओढीने त्यांची अर्धगुणसूत्रे विरुद्ध टोकांकडे जातात आणि अंत्यावस्थेत दोन प्रकले बनतात. माणसात ४६ गुणसूत्रांच्या एका पेशीपासून ४६ गुणसूत्रांच्याच दोन पेशी मिळतात. कांद्याच्या मुळाच्या टोकात या अवस्था शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. युग्मके (शुक्रपेशी व अंडपेशी) मात्र अर्धगुणसूत्री विभाजनाने होतात. त्यात समजात गुणसूत्रे आपसांत जनुके बदलून घेतात आणि संख्या २३ वर येते. फलनानंतर ती पुन्हा ४६ होते.

विभाजनाइतकेच महत्त्वाचे आहे ते योग्य वेळी थांबणे. डीएनएला इजा झाली, तर पी-५३ सारखी प्रथिने पेशीला रोखतात. इजा दुरुस्त होण्यासारखी नसेल, तर पेशी स्वतःला संपवते. या नियंत्रणाच्या जनुकांत बिघाड साठत गेला की पेशी अनिर्बंध विभागू लागते. हाच कर्करोग. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन तर्कुतंतू बनू देत नाही, त्यामुळे विभाजन मध्येच अडते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही मोलाचे औषध आहे.

पेशी शरीराबाहेर वाढवता येऊ लागल्या, तेव्हा या अभ्यासाला खरी गती आली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांनी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतील पेशी वाढवल्या. त्या अजून विभागत आहेत. गाय यांच्याच प्रयोगशाळेत पुण्याच्या कमल रणदिवे (१९१७–२००१) पेशी अशा शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र, म्हणजे ऊतिसंवर्धन, शिकल्या. सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांवर त्यांनी एमएस्सीचा प्रबंध लिहिला होता आणि वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली पीएचडी केली होती. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. भारतीय महिला वैज्ञानिक संघटना ही त्यांच्याच पुढाकाराने १९७३ मध्ये स्थापन झाली.

परळची ती संशोधन संस्था पुढे नवी मुंबईत खारघरला गेली आणि टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’चा भाग झाली. पेशीविभाजनाचाच उपयोग तिथे कर्करोगाविरुद्ध झाला: कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून त्यांत नवे जनुक घालतात, विभाजनाने त्यांची संख्या वाढवतात आणि त्या रुग्णाला परत देतात. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या या उपचाराचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये खारघरलाच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्याला भारतात मान्यता मिळाली.