पुष्पक कोणाचे?

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा तास हा शिकविण्याचा तास नव्हेच. मुलांचे अर्धे चित्त किल्ल्याच्या मातीत आणि उरलेले घरच्या तळणीच्या वासात गुंतलेले असते. म्हणून त्या तासाला मी गोष्ट सांगतो. यंदा रामाच्या परतीची सांगितली. लंका जिंकली, बिभीषणाला राज्य दिले, सीतामाईला घेऊन राम पुष्पक विमानातून अयोध्येस आला, घरोघर दिवे लागले. गोष्ट संपली असे समजून मी फळा पुसावयास घेतला, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग त्या विमानाचे काय झाले?"

उत्तर रामायणातच आहे. पुष्पक मुळात कुबेराचे. रावणाने ते सावत्र भावापासून हिसकावून घेतले होते. अयोध्येस उतरल्यावर रामाने ते कुबेराकडे परत धाडले. ज्याचे त्याला पोचते केले. पोराचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. लंकेचे विमान म्हणताच मला त्या बेटाच्या खऱ्याखुऱ्या विमानांची कथा आठवली. विमान कोणाचे, हा प्रश्न त्या कथेत पुन:पुन्हा येतो.

सिलोन स्वतंत्र झाले 4 फेब्रुवारी 1948 रोजी. गंमत अशी की, देशाला झेंडा मिळण्याआधीच विमान मिळाले होते. 10 डिसेंबर 1947 रोजी कोलंबोजवळच्या रत्मलान येथून 'एअर सिलोन'चे डाकोटा उडाले आणि जाफनामार्गे मद्रासला पोचले. कंपनीजवळ तीन डाकोटा होती. त्यांची नावे सीतादेवी, विहारमहादेवी आणि सुनेत्रादेवी. जेथे सीतेने बंदिवास सोसला, त्याच बेटाने आपल्या विमानाला तिचे नाव द्यावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. या खेपेस सीता स्वत:च उडणार होती. तिला कोणी पळवून नेणार नव्हते.

त्या वाटेलाही अर्थ होता. त्या काळी मद्रासला जायचे म्हणजे आगगाडीने तलैमन्नार, तेथून बोटीने धनुष्कोडी आणि पुन्हा आगगाडी. विमानाने तो प्रवास काही तासांवर आणला. शिवाय सिंहली दक्षिण आणि तमिळ उत्तर यांना जोडणारा तो एक धागा होता.

पण लहान देशाला दूरचे आकाश एकट्याने पेलत नाही. लंडन आणि सिडनी गाठण्यासाठी 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातील कंपनीचा हात धरावा लागला. 1956 मध्ये डच कंपनी आली, पुढे ब्रिटिश आणि फ्रेंच आले. शेजाऱ्याचा बैल मागून शेत नांगरावे, तसा हा संसार चालला आणि तीस वर्षांनी मोडला. मग 1979 मध्ये सिंगापूरच्या विमान कंपनीच्या मदतीने 'एअर लंका' उभी राहिली. तिच्या शेपटावर मोर आला. सिंहली लोककथेत रावणाच्या विमानाला 'दंडु मोनर', म्हणजे लाकडी मोर, म्हणतात.

मोराचे नशीब मात्र खडतर. 1983 पासून बेट यादवी युद्धात होरपळू लागले. 3 मे 1986 रोजी मालेला निघालेल्या विमानात, ते कोलंबोला उभे असतानाच, बॉम्बस्फोट झाला आणि 21 माणसे मेली. 24 जुलै 2001 च्या पहाटे तमिळ वाघांनी कटुनायकेच्या विमानतळावर हल्ला केला. तीन मोठी प्रवासी विमाने जळून खाक झाली. पाहुण्यांवर पोट असलेल्या देशाच्या अंगणातच वणवा पेटला.

तोवर कंपनीचे नाव 'श्रीलंकन' झाले होते आणि कारभार 1998 पासून दुबईच्या 'एमिरेट्स'कडे होता. डिसेंबर 2007 मध्ये लंडनहून परतताना राष्ट्राध्यक्ष राजपक्षे यांच्या लवाजम्यासाठी जागा मागण्यात आल्या. तिकिटे काढलेल्या प्रवाशांना उतरविण्यास कंपनीने नकार दिला. त्यानंतर कंपनीच्या ब्रिटिश मुख्याधिकाऱ्याचा परवाना रद्द झाला आणि 2008 मध्ये एमिरेट्सने कारभार सोडला. पुष्पकात कितीही बसले तरी एक जागा रिकामी राहते, असे आमचे कीर्तनकार सांगतात. लंडनच्या विमानाचे तसे नसते. तेथे राजा बसावयाचा, तर कोणीतरी उठावे लागते.

पुढे तोट्याचा डोंगर वाढत गेला. 2022 च्या मे महिन्यात पंतप्रधान विक्रमसिंघे यांनी देशाला हिशेब सांगितला. 2020-21 या एकाच वर्षात 45 अब्ज रुपये तोटा झाला होता. ज्यांनी जन्मात विमानात पाऊल ठेवले नाही, त्या गरिबांनाही हा भार सोसावा लागेल, असे ते म्हणाले. त्याच वर्षी कोलंबोत इंधन नाही म्हणून विमाने तिरुवनंतपुरमला उतरून तेल भरून घेत होती.

मग अशी विमाने हवीत कशाला? मीही प्रथम असेच म्हटले असते. पण माझी नजर पुन्हा जाफनाकडे जाते. युद्धाने तुटलेली ती मद्रासची वाट अनेक दशके बंद होती. 2019 मध्ये पलाली येथील धावपट्टी पुन्हा उघडली, साथीत बंद पडली आणि डिसेंबर 2022 मध्ये चेन्नईचे विमान पुन्हा उतरू लागले. ते विमान भारतीय कंपनीचे होते. ज्या वाटेवर एका राष्ट्राने आपले पंख प्रथम पसरले, ती वाट दुसऱ्याच्या पंखांनी खुली झाली. उतरून माहेरच्या मातीला हात लावणाऱ्या म्हातारीला शेपटावरचे चित्र काय करावयाचे आहे?

सुटी संपली की त्या पोराला मी उरलेले उत्तर देणार आहे. बाळ, रामाने पुष्पक परत केले, म्हणून त्याचे घरी येणे शोभले. विमान मोठे कोणाचे, हे नंतर पाहू. त्यातून कोण घरी पोचले आणि त्याचे मोल कोणी दिले, हे आधी विचारावे.