रिकामा रस्ता आणि हललेला माणूस

जुन्या शहराचा फोटो बैठकीत पडद्यावर आला की कोणीतरी हमखास म्हणतं, "काय निवांत होतं हो तेव्हा! रस्त्यावर चिटपाखरू नाही." मीही कित्येक वर्षं हेच म्हणत होतो. आता म्हणवत नाही.

कारण साध्या गणिताचं आहे (इंजिनिअरची नोकरी सुटली, सवय सुटली नाही). माणूस ताशी चार किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला मीटरभर. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेला प्रकाश पुरेसा मिळायला बहुधा काही सेकंद लागत. चार सेकंदांत चालणारा चार मीटर पुढे गेलेला. काचेवर उरतो फक्त धुरकट पट्टा, कधी तोही नाही. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. त्यात ठळक दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा गृहस्थ. एका जागी उभा होता म्हणून! बाकीची वर्दळ नाहीशी.

आपल्या इंदूरचा यात थेट धागा आहे. लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्याच्या कचेरीत आराखडे आणि अंदाजपत्रकं करायला लागले. म्हणजे आमच्याच बिरादरीतले. कॅमेरा त्यांनी इथेच हाती घेतला; दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांनी आश्रय दिला. पुढे ते निझामाच्या पदरी हैदराबादला गेले. त्यांचं नाव झालं ते वाडे, मंदिरं, दरबार, शिकारीच्या फोटोंमुळे. आश्रयदात्यांना तेच हवं होतं हे खरंच, पण इमारत हलत नाही, ही सोय लहान नव्हे.

मग भिश्ती, न्हावी, फेरीवाले कुठे गेले? ते स्टुडिओत बसवले गेले. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने तिथल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसं एकीकडे टिपायची आणि त्यांच्या मागे मुंबईचं दृश्य जोडायचं, असा तो उद्योग. माणूस खरा, पण मागचा रस्ता चिकटवलेला.

कोरड्या काचा आल्या, हातात मावणारे कॅमेरे आले, १९२५ मध्ये लायका बाजारात आला. सेकंदाच्या शंभराव्या भागात चालणारा माणूस जेमतेम सेंटीमीटरभर सरकतो. आता रस्ता भरला. तरी गंमत बघा, आजही फोटोवाले वळतात ते झाडाखालच्या न्हाव्याकडे, चपला शिवणाऱ्याकडे, फुलवालीकडे. एका जागी बसून काम करणारे! बोजा घेऊन लगबगीने जाणारा हमाल त्या मानाने कमीच दिसतो.

माझी एक चूक सांगतो. १९८४ च्या आगीआधीच्या राजवाड्याचा एक घरगुती फोटो मी स्कॅन केला होता. उजव्या कडेला एक हातगाडीवाला हललेला होता. "खराब भाग" म्हणून तो कापून टाकला आणि मूळ प्रत परत केली. पुढे त्या घराने जागा बदलली आणि प्रत गहाळ झाली. राजवाडा दुसऱ्या दहा फोटोंत मिळतो. पण त्या गाडीवर काय होतं, जांभळं की कुलपं, ते मला आता आठवत नाही.

तेव्हा मंडळी, घरातले फोटो बैठकीला आणाल तेव्हा कडा कापू नका. मागची बाजूही स्कॅन करून घेऊ.