नऊशें स्वरांचा हिशेब

व्हिडिओ गेमचा इतिहास लिहिणें प्राध्यापकी लेखणीस शोभतें काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस पडेल. परंतु ज्या करमणुकीवर एका पिढीचें बाळपण पोसलें, तिचे गुणदोष तपासणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

१९९६ सालीं जपानच्या निन्टेंडो कंपनीनें 'सुपर मारियो ६४' काढला, आणि पडद्यावरील उड्यांच्या खेळास लांबी-उंचीबरोबर खोलीही लाभली. दोन वर्षांनीं, १९९८ च्या जूनमध्यें, इंग्लंडांतील ट्वायक्रॉस या खेड्यांतल्या 'रेअर' मंडळीनें त्याच यंत्रासाठीं 'बँजो-कझूई' प्रसिद्ध केला. बँजो हें सालस अस्वल. त्याच्या पाठीवरच्या पिशवींत राहणारी कझूई ही तोंडाळ पक्षीण. चेटकिणीनें पळविलेल्या बहिणीस सोडविण्यास दोघें निघतात. कथानक एवढेंच, आणि तें पुरेसें आहे.

खेळाचा जीव संग्रहांत आहे. नऊ प्रदेश, आणि प्रत्येकांत शंभर सोनेरी स्वरचिन्हें व चित्रकोड्याचे दहा तुकडे. हे आंकडे ऐकून कोणास वाण्याच्या वहीची आठवण होईल. पण हीं चिन्हें वाटेच्या कडेनें अशीं पेरलीं आहेत कीं, एकेक वेंचतांना मूल नकळत सारा प्रदेश पाहून घेतें. 'क्लिक क्लॉक वुड' हें शेवटचें अरण्य तर चार ऋतूंत चारदां भेटतें. वसंतांत अंड्यांतून निघालेल्या गरुडाच्या पिलास ग्रीष्मांत व शरदांत सुरवंट आणून द्यावे, तेव्हां हिवाळ्यांत तें मोठें होऊन उडतांना दिसतें. ग्रँट कर्कहोप यांचें संगीतही अस्वल पाण्यांत शिरतांच वाद्यें बदलतें. संग्रहाच्या निमित्तानें पाहावयास लावणें, हा या खेळाचा खरा गुण होय.

दोषही ठळक आहेत. पाहणाऱ्याचा डोळा वारंवार भिंतींत अडकतो व ऐन उडीच्या वेळीं दगा देतो. पण मोठा दोष हिशेबाचा. अस्वल मेलें कीं त्या प्रदेशांतलीं वेंचलेलीं चिन्हें शून्यावर येतात. सर्वोत्तम आंकडा तेवढा नोंदला जातो, आणि तो वाढविणें असेल तर पुन्हां पहिल्यापासून वेंचावें लागतें. शेवटच्या झुंजीचें दार ९०० पैकीं ८१० चिन्हांवांचून उघडत नाहीं! 'रस्टी बकेट बे' मधील जहाजाच्या यंत्रखोलींत फिरत्या पंख्यांवरून एक पाऊल चुकलें, कीं तासाभराची मेहनत खोल गर्तेंत जाते. जुने खेळाडू म्हणतात, त्या भीतीमुळेंच चिन्हांना मोल होतें. आम्हांस हें पटत नाहीं. पाहिलेलें अरण्य दुसऱ्यांदा केवळ मोजण्यासाठीं तुडविणें हें पाहणें नव्हे.

मोजणीचा हा रोग पुढें बळावलाच. १९९९ मध्यें त्याच मंडळीनें काढलेल्या 'डाँकी काँग ६४' मध्यें पांच वानरें आहेत; प्रत्येकानें आपापल्या रंगाचींच केळीं घ्यावयाचीं, म्हणजे एकेका प्रदेशांत पांचशें! तेथें खेळणारा देखावा सोडून रंगच पाहत राहतो.

'बँजो-कझूई' चें मात्र नशीब चांगलें. २००८ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर तो पुन्हां निघाला, तेव्हां एकदां वेंचलेलें चिन्ह कायमचें वेंचलेलें राहूं लागलें. यंत्रखोलींतले पंखे तसेच फिरतात, चुकणारा अजूनही पडतो. परंतु आधींचीं नव्वद चिन्हें त्याला पुन्हां वेंचावीं लागत नाहींत.