तुवरकाचें तेल

कोंकणांत व गोमंतकांत ओढ्याकांठच्या रानांत वाढणाऱ्या एका वृक्षाला कडू कवठ म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत वर्णिलेला तुवरक तो हाच, असें सामान्यतः मानलें जातें. पश्चिम समुद्राच्या कांठीं वाढणाऱ्या या वृक्षाचीं फळें पावसाळ्याच्या आरंभीं गोळा करावीं, मगज वाळवून तेल काढावें आणि तें कुष्ठाच्या रोग्याला पाजावें, इतका नेमका विधि तेथें दिला आहे.

ब्रह्मदेश व चितगांवकडे याच कुळांतील चालमोगऱ्याच्या बिया या कामीं येत. कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक मौआट यांनीं १८५४ मध्यें हें तेल पाश्चात्त्य वैद्यकापुढें मांडलें. मात्र शास्त्रग्रंथांत त्याचा उगम म्हणून भलत्याच झाडाचें नांव बसलें, आणि ती चूक निस्तरेपर्यंत शतक संपत आलें. १९०४ मध्यें लंडनला फ्रेडरिक पॉवर यांनीं खऱ्या बियांतून चालमोगरिक अम्ल वेगळें केलें.

रोग्याचे हाल मात्र चालूच होते. तेल प्यावें तर ओकारी, टोंचावें तर कातडीखालीं गांठी! हवाई बेटांत ॲलिस बॉल या अवघ्या तेवीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञ तरुणीनें १९१५ च्या सुमारास तेलांतील अम्लांपासून शरीरांत मिसळूं शकणारे इथिल एस्टर तयार केले. १९१६ च्या अखेरीस ती वारली. तिच्या वरिष्ठांनीं हें संशोधन तिचा नामोल्लेखहि न करतां प्रसिद्ध केलें. १९२२ मध्यें डॉ. हॉलमन यांनीं त्या पद्धतीला तिचें नांव दिलें, एवढाच काय तो न्याय.

पण या तेलानें रोगी खरोखर बरे होत काय? कांहीं घरीं परतले, कित्येकांत रोग पुन्हा डोकावला. कुष्ठाचे सौम्य प्रकार कधीं आपोआपहि ओसरतात; म्हणून बरें झालेल्यांची नुसती संख्या हा पुरावा नव्हे. तेल न दिलेल्या रोग्यांशीं तुलना क्वचितच झाली, आणि कुष्ठाचा जंतु तर प्रयोगशाळेंतील कांचपात्रांत आजहि वाढत नाहीं.

१९४१ मध्यें अमेरिकेंतील कारव्हिल येथें प्रोमिनचा प्रयोग झाला. मागोमाग डॅप्सोन आलें, आणि तेल मागें पडलें. आज अनेक औषधांच्या एकत्र उपचारानें हा रोग बरा होतो. जंतु उंदराच्या तळव्यांत वाढवितां येतो, हें चार्ल्स शेपर्ड यांनीं १९६० मध्यें दाखविलें. १९७५ मध्यें लुई लेव्ही यांनीं त्याच रीतीनें चालमोगऱ्याचीं अम्लें अजमावलीं, तेव्हां तीं जंतूंची वाढ रोखतात असें आढळलें. तोंवर रुग्णालयांतून टोंचणीचें तेल केव्हांच गेलें होतें.